दसरा ते भोगी: सोलापूरच्या अंगणात हिवाळ्याची तयारी

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा आहे. घरामागे साधारण पंधरा बाय वीस फुटांचं काळ्या मातीचं परसू, गच्चीवर तीसेक कुंड्या. मुलगा कॅनडात असतो. तिकडे लोक ऑक्टोबरमध्येच बाग छाटतात, पाल्यानं झाकतात, बाहेरचे नळ रिकामे करतात आणि एप्रिलपर्यंत तिकडे फिरकत नाहीत, असं त्यानं सांगितलं. ताई विचारतात, ‘आपणही तसंच करायचं का? थंडीत झाडांवर काय पांघरायचं? ऑनलाइन ट्यूलिपचे कंद मिळतात, ते घेऊ का? आणि डिसेंबरात तीन आठवडे लेकीकडे पुण्याला जायचंय, तेव्हा बागेचं काय?’

ताई, तुमचा मुलगा सांगतो ते त्याच्या गावी अगदी बरोबर आहे. तिथं जमीन गोठते. पाइपातलं पाणी गोठून फुगतं आणि पाइप फुटतो, म्हणून नळ रिकामे करायचे. माती गोठते-वितळते, त्या हेलकाव्यात रोपं मुळासकट वर उचलली जातात, म्हणून पाल्याचा जाड थर द्यायचा. बर्फ पडला की त्याखाली मुळं उलट सुरक्षित राहतात. चार-पाच महिने झाड काही मागत नाही, काही देतही नाही.

आपल्याकडे भर डिसेंबरात दुपारी परसात उभं राहिलं तर डोक्यावर रुमाल घ्यावासा वाटतो. दिवसा तीसच्या आसपास, रात्री पंधरा-सोळा, एखाद्या लाटेत दहापर्यंत. मेथी, पालक, गुलाब, शेवंती, वाटाणा यांना याहून चांगली हवा वर्षभरात दुसरी मिळत नाही. आपली बाग जीव मुठीत धरून बसते ती एप्रिल-मे महिन्यात. तेव्हा ऑक्टोबरात बाग झाकून टाकलीत तर वर्षातले कमाईचे चार महिने हातचे जातील.

पण तयारी लागत नाही असं नाही. आपली अडचण थंडीची नसून पाण्याची आहे. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि परतीचा पाऊस एकदा गेला की जूनपर्यंत आभाळाकडून फारशी आशा नसते. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, बोअरचं खारट. म्हणून दसऱ्याला बागेत उभं राहून पहिला हिशेब करायचा तो हा: या हिवाळ्यात कुणाला पाणी द्यायचं, कुणाचं मुद्दाम तोडायचं आणि कुणाला नुसतं जगवायचं. माझी सगळी हिवाळी तयारी या तीन रांगांवर उभी असते. पाणी मिळेल ते भाजीला, गुलाबाला, शेवंतीला. तोडायचं ते आंब्याचं, मोगऱ्याचं. नुसतं जगवायचं ते तुळस, कढीपत्ता, जास्वंद, मनी प्लँट यांना.

मधल्या रांगेबद्दल आधी सांगतो, कारण तिथंच लोक प्रेमापोटी चुकतात. तिकडच्या झाडाला थंडीमुळे विश्रांती मिळते. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, त्यामुळे विश्रांती आपणच द्यावी लागते, आणि ती देतात पाणी तोडून. याला ताण देणं म्हणतात. सोलापूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या बागा याच तंत्रावर चालतात. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार या फुलोऱ्याच्या तीन हंगामांपैकी जो धरायचा त्याच्या आधी बागेचं पाणी बंद करतात. पानं पिवळी पडून गळतात, झाडाची वाढ थांबते, अन्नाचा साठा फांदीत राहतो आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलोरा निघतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांचं बरंचसं काम याच बहाराच्या आगेमागे फिरतं.

घरच्या आंब्यालाही हेच लागू. पाऊस संपल्यापासून मोहोर येऊन फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत जमिनीतल्या मोठ्या झाडाला पाणी देऊ नका. दिलंत तर तांबूस, लुसलुशीत पालवी फुटेल, बघायला छान दिसेल आणि मोहोर गेला समजा. शेजारच्या भाजीच्या वाफ्याचं पाणी आंब्याच्या बुंध्याकडे झिरपत असेल तर मध्ये एक चर खणा. दोन-तीन वर्षांच्या रोपाला मात्र ताण द्यायचा नाही, ते अजून लेकरू आहे.

मोगऱ्याचं पाणी नोव्हेंबरच्या शेवटी कमी करत आणा, मग दोन-तीन आठवडे बंद. पानं मलूल होऊन झडू लागली की डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत छाटणी: निम्मी उंची ठेवा, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढा, बुंध्याशी माती मोकळी करा, शेणखत घाला आणि मग पहिलं भरपूर पाणी. मार्चपासून ओंजळीनं फुलं मिळतील. डिसेंबरभर मोगऱ्याला पाणी घालत राहणारी माणसं मला उन्हाळ्यात विचारतात, ‘नुसती पानंच का येतात हो?’

आता पहिल्या रांगेकडे, म्हणजे जिथं खरी मेहनत आहे तिकडे.

परसातली काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. हस्ताच्या पावसानंतर ती दोन-चार दिवस चिकट राहते. त्या चिखलात कुदळ घातलीत तर जी ढेकळं निघतात ती वाळल्यावर हातोडीनं फुटत नाहीत. आणि फार उशीर केलात तर कुदळ आपटून मनगट दुखतं. मधले मोजके दिवस असतात वाफशाचे. वाफसा ओळखायचा असा: चार बोटं खोल खणून तिथली मूठभर माती घ्या, वरची नको, वरची फसवते. मूठ घट्ट दाबा. बोटांच्या मधून माती लोण्यासारखी बाहेर आली तर थांबा. गोळा होतो पण तळवा ओला, चकचकीत दिसतो, तरी आणखी एक दिवस थांबा. गोळा नीट झाला, तळव्याला नुसता ओलसर गारवा लागला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर गोळा फुटून रवाळ पसरला की चपला काढा आणि कामाला लागा. परसाच्या एका कोपऱ्यात सावली असेल तर तिथं वाफसा दोन दिवस उशिरा येतो, तेव्हा सगळं परसू एकाच दिवशी खणायचा हट्ट नको.

खणताना पांढरी, जाड, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली अळी दिसली तर ती हुमणी. वेचून काढा, साळुंक्या टपलेल्याच असतात. हुमणी बहुतेकदा कच्च्या शेणखतातून येते. म्हणून खत घेताना ते हातात घेऊन पाहा: शेणाचा वास येत असेल, आत गरम लागत असेल तर घेऊ नका. चहाच्या चोथ्यासारखं काळं, भुसभुशीत आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं हवं. पाटीभर खत आणि त्यात दोन मुठी निंबोळी पेंड, दर चार-पाच फुटांच्या वाफ्याला एवढं बास होतं.

वाफे सपाट ठेवू नका. काळ्या मातीत गाजर-मुळा लावायचा तर एक वीत उंच गादी करा आणि तिच्यात जमेल तेवढी वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. नाहीतर गाजराला दोन-तीन पाय फुटतात. चव तीच असते, पण किसताना जीव जातो.

पेरायचं कधी, यासाठी मी कॅलेंडर उलटं वाचतो. भोगीपासून मागे. जानेवारीच्या तेराला-चौदाला भोगीची भाजी चुलीवर चढणार. तिच्यात गाजर, वांगं, हरभऱ्याचे घाटे, पावटा, वाटाणा यांतलं घरचं काय हवं ते ठरवा. गाजराला नव्वद ते शंभर दिवस लागतात, म्हणजे ते ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांत पडलं पाहिजे. हरभऱ्याला हिरवे घाटे भरायला ऐंशीएक दिवस, म्हणून तो वीस ऑक्टोबरच्या आसपास. वाटाणा दिवाळीच्या आगेमागे टाकला तरी पोचतो. वांग्याचं बी आता टाकू नका, वेळ गेली. रोपवाटिकेतून चार रोपं आणून नोव्हेंबर लागायच्या आत लावा. पावट्याचं तसंच, त्याचा वेल पावसाळ्यातच मांडवावर चढलेला असायला हवा होता. यंदा विकत आणा. बोरं आणि तीळ विकतच बरे.

मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत, मुळा, आंबट चुका यांना तारीख लागत नाही. पण एकदम सगळा वाफा पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक हात रुंदीची पट्टी पेरा. मेथी महिन्याच्या आत काढणीला येते. सगळी एकदम आली की तुम्ही गल्लीभर वाटत फिराल आणि पुढचे तीन आठवडे भाजीवाल्याकडे. कोथिंबिरीसाठी धणे पायताणाखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन डाळी वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. अख्खे पेरलेले उगवायला फार वेळ घेतात आणि तोवर मुंग्या निम्मे नेतात.

दोन पिकं मी सोलापूरच्या प्रत्येक परसात आग्रहानं लावायला सांगतो. एक करडई. बांधाच्या कडेनं एक ओळ टाका. कोवळी असताना तिची पानं खुडून लसूण घालून भाजी करा, आणि मोठी झाली की काटे येतात, मग शेळ्या त्या बाजूनं आत शिरत नाहीत. आपल्याकडे शेताच्या कडेनं करडई पेरतात ती काही नुसत्या तेलासाठी नाही. दुसरा हरभरा. वीस-पंचवीस दिवसांचा झाला की शेंडे खुडा. खुडलेल्याची भाजी होते आणि झाड बाजूनं फुटतं. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला भज्जीत, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत, टाकायला हिरवा पाला घरचा असला की मजा वेगळी. हरभऱ्यावर वरून पाणी मारू नका. त्याच्या पानांवर आंब असते. पहाटे दव पडलं की ती ओलसर होते, बोट लावून चाटलंत तर आंबटढाण लागते. पूर्वी रात्री हरभऱ्यावर धोतराचं पांढरं फडकं अंथरून सकाळी ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायचे, पोटदुखीवर. वरून पाणी मारलं की ती धुऊन जाते. पाणी बुंध्यापाशी द्या आणि तेही बेतानं, नाहीतर हरभरा नुसता माजतो, घाटे धरत नाही.

लसूण ऑक्टोबरातच लावा, गड्ड्याच्या बाहेरच्या जाड पाकळ्या घेऊन. आतल्या बारीक पाकळ्या फोडणीला. कांद्याचं रोप आता टाका, डिसेंबरात लावणी करा.

काळ्या मातीत पाणी वाचवायची युक्ती शेतकऱ्यांची आहे, माळ्यांची नाही. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे, आणि त्या शेतीचा गाभा म्हणजे जमिनीत मुरलेलं पाणी हवेत जाऊ न देणं. आपली मालदांडी ज्वारी अख्खा हिवाळा जमिनीतल्या ओलीवर काढते, वरून थेंब न पडता. ते कसं जमतं? कोळपून. जमीन वाळू लागली की भेगा पडतात, भेगांतून आतली ओल उडते आणि मुळंही तुटतात. वरची दोन बोटं माती खुरप्यानं मोकळी करून भेगांत ढकलली की तो भुरभुरीत थर झाकणासारखा बसतो. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आपल्याकडे म्हणतात. परसातही पाणी दिल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाफसा आला की खुरपं फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानं पुढचं पाणी दोन-तीन दिवस लांबतं.

आता पाल्याचा थर. मुलगा म्हणतो तो आपल्याकडेही घालायचा, पण कारण वेगळं, ऊन आणि कोरडा वारा. यात एक गंमत आहे. तिकडे ऑक्टोबरात झाडं पानं गाळतात, त्यामुळे पाला फुकट मिळतो. आपला कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे आपल्याला पाला हवा असतो तेव्हा तो झाडावर असतो. मग ऑक्टोबरात काय घालायचं? उसाचं पाचट सगळ्यात उत्तम, आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. गाळप सुरू झालं की कुणीतरी ओळखीचा शेतकरी पोतंभर देतो. ज्वारीचं सरमाड तुकडे करून, तुरीचं भुसकट, नारळाच्या शेंड्या. नवरात्र आणि दसरा झाला की घराघरांतली झेंडूची तोरणं सुकतात, ती दोरा काढून सरळ वाफ्यावर. रूपाभवानीच्या देवळाकडून येताना रस्त्यावर पडलेला झेंडू पाहिला की माझा जीव कासावीस होतो. तण उपटलेलं वाळवून घालता येतं, पण गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटलेलं असेल तरच, आणि हरळी-लव्हाळा मुळीच नको, ते मेलेलं दिसतं पण मरत नाही. थर दोन बोटं जाड बास, आणि खोडापासून वीतभर लांब. आपल्याकडे वाळवी फार. वाळकं पाचट खोडाला टेकलं की तिला जिनाच मिळतो. आणि फेब्रुवारीत कडुनिंबाचा पाला पडू लागला की एक कणही जाळू नका, पोत्यांत भरून ठेवा. तो उन्हाळ्याला कामी येतो.

गुलाब. छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस नक्की गेल्यावर. त्यानंतर चाळीस-पन्नास दिवसांत पहिली फुलं. वाळक्या, काळ्या पडलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या आधी काढा. उरलेल्या चार-पाच चांगल्या फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरक्या कापा. निम्म्यापेक्षा जास्त छाटू नका. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं आणि उघडं खोड भाजतं. जुने माळी छाटणीआधी मुळं आठवडाभर उघडी ठेवायला सांगतात. जमिनीतल्या गुलाबाला दोन-तीन दिवस ठीक, कुंडीतल्याला अजिबात नको.

कापलेल्या टोकांवर बोर्डो पेस्ट लावा, नाहीतर फांदी वरून काळी पडत खाली येते. घरी करायची सोपी आहे. शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात रात्रभर विरघळवा, शंभर ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरात विझवून गार होऊ द्या. मग तिसऱ्या प्लास्टिकच्या डब्यात दोन्ही एकदम ओता आणि काडीनं ढवळा. लोखंडाचं किंवा पत्र्याचं भांडं नको. छान निळं लापशीसारखं मिश्रण होतं. आता एक जुनी लोखंडी सुरी घासून त्यात मिनिटभर बुडवा. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस पूट चढलं असेल तर मोरचूद मोकळा राहिला आहे, तो झाड जाळतो. थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा सुरी बुडवा. पातं स्वच्छ निघालं की पेस्ट तयार. त्याच दिवशी वापरा, हातमोजे घाला, आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

शेवंतीबद्दल एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. ती फुलते ती थंडीमुळे नाही, रात्र मोठी झाल्यामुळे. दिवस लहान होऊ लागले की तिला कळी धरायचा इशारा मिळतो. कुंडी पोर्चच्या दिव्याखाली ठेवलीत आणि तो दिवा रात्री उशिरापर्यंत चालू राहिला तर तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे. झाड हिरवंगार, कळी एक नाही. दिवाळीच्या रोषणाईची माळ नेमकी शेवंतीवरून जाते, तेवढी पाहा. रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर कुंडी घरामागे न्या. शेंडे खुडणं आता बंद; आता खुडाल तर कळ्याच खुडाल.

गच्चीवरच्या तीस कुंड्यांची जागा आधी बदला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरात भर बाराला तो आपल्याकडे एकोणपन्नास अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आकाशाच्या जेमतेम अर्ध्या उंचीवर. त्यामुळे दक्षिणेच्या तीन फुटी कठड्याची सावली भर दुपारी अडीच फुटांहून जास्त पडते. त्या कठड्याच्या पायाशी लावून ठेवलेल्या कुंड्यांना मे महिन्यात ऊन असतं आणि डिसेंबरात दिवसभर सावली. तिथं मनी प्लँट, शोभेची पानं ठेवा. भाजी आणि फुलं उत्तरेच्या कठड्याकडे सरकवा.

कुंड्यांच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर धरला असेल तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार. वरची बोटभर माती खरवडून टाका, नवी माती-खत भरा, आणि एकदा नळाचं गोडं पाणी भरपूर देऊन खालून वाहून जाऊ द्या. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) एक लिटर पाण्यात, चिमूटभर लिंबूसत्त्व घालून, संध्याकाळी पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. जुनी पानं पिवळी असतील तर हा उपाय नाही, तिथं खत कमी पडलंय.

पाणी ऑक्टोबरात संध्याकाळी दिलं तरी चालतं. नोव्हेंबरपासून सकाळी द्या, ऊन आल्यावर. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशीचे रोग येतात. वाटाणा, गुलाब, झिनियावर थंडीत भुरीही येते, म्हणजे पानांवर पिठासारखा पांढरा थर. तेव्हा पाण्यात मिसळणारं गंधक दोन ग्रॅम प्रति लिटर. बंगालच्या उपसागरात वादळ उठून आभाळ भरलं की मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, वाढतो. त्यावर निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी कापडात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, साबणाचा किंचित फेस करून पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. टोमॅटोची पानं गोळा होऊन खुरटली तर मात्र फवारण्या थांबवा, झाड उपटा. तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असतो आणि औषध नाही.

तिसरी रांग थोडक्यात. कढीपत्ता, जास्वंद, मनी प्लँट यांची वाढ थंडीत मंदावते. पाणी निम्म्यावर आणा, खत फेब्रुवारीपर्यंत बंद. पानं पडली म्हणून घाबरून पाणी वाढवलं की मुळं कुजतात. तुळशीचा प्रश्न नाजूक आहे. मंजिऱ्या पिकू दिल्या की तुळस सुकत जाते, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत त्या खुडायला घरातली मोठी माणसं तयार नसतात. मी मध्यम मार्ग काढतो: लग्नाआधी निम्म्या काढायच्या, लग्न झालं की उरलेल्या. बी दुसऱ्या कुंडीत टाकून ठेवा, जुनी गेली तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी तुळस वृंदावनात जाते.

पांघरुणाचं विचारलंत. सोलापुरी चादर तुमच्यासाठी ठेवा, झाडांना नको. ओली झाली की तिच्या वजनानंच रोप मोडेल. संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास एखाद-दुसरी रात्र फार गार पडते. पारा दहाच्या खाली जायचा अंदाज असेल तर त्या दिवशी अपवाद म्हणून संध्याकाळी बुंध्याशी पाणी द्या. बोअरचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली माती रात्रभर ऊब धरते. पपईचं कोवळं रोप असेल तर चार काड्या रोवून वर जुनं धोतर सोडा, पानांना न टेकता, आणि सकाळी काढा. एवढंच.

ट्यूलिप घेऊ नका. त्या कंदातून फुलाचा दांडा नीट वर यायला बारा ते सोळा आठवडे पाच-आठ अंशांची थंडी लागते. फ्रिजमध्ये ठेवून एकदा फूल काढता येतं, दुसऱ्या वर्षी तो कंद काही देत नाही. त्याच पैशात ग्लॅडिओलसचे दहा कंद आणा, ऑक्टोबरात लावा, दोन-तीन महिन्यांत दांडे येतील, पानं वाळल्यावर कंद काढून पुढच्या वर्षी पुन्हा.

राहिले पुण्याचे तीन आठवडे. कुंड्या सोप्या आहेत. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या एकत्र, एकमेकींना चिकटून, पूर्वेचं कोवळं ऊन येईल अशा ठिकाणी आणा. घोळक्यात ओल टिकते. मोठ्या कुंड्यांत मधोमध एक लहान कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर पणती झाका. ते झिरपत झिरपत आठवडाभर तरी ओल देतं. भाजीच्या वाफ्याला मात्र तीन आठवडे मडक्यावर काढता येणार नाहीत. दोन दिवसांआड कुणीतरी पाणी द्यायलाच हवं. शेजारी कुणी असतील तर किल्ली द्या आणि सांगा, ‘मेथी-पालक तयार झाली की काढून न्या, ठेवू नका.’ न काढलेली मेथी फुलावर येऊन कडू होते, म्हणजे तुमच्यासाठी राखून ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही. मोगऱ्याला पाणी घालायचं नाही, हे त्यांना दोनदा सांगून जा.